आधी स्वतःचे निदान, मग यंत्राचे

वैद्यकीय महाविद्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली ती विद्यार्थ्यांच्या खिशातून. परिपत्रके मागाहून आली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पुढच्या एक-दोन टर्ममध्येच मेडिसिनच्या वॉर्डातले चित्र पालटू लागले. राउंडला सर येण्याआधी खाटेभोवती जमलेले विद्यार्थी पूर्वी एकमेकांच्या वह्यांत डोकावत, सीनियरकडून आलेल्या झेरॉक्स चाळत. आता अंगठे मोबाइलवर चालतात. ‘४५ वर्षांचा पुरुष, पाच दिवस ताप, डोळे पिवळे, लघवी कमी’ एवढे टाइप केले की सात-आठ शक्यता, प्रत्येकीमागचे कारण, तपासण्या आणि उपचार हे सारे चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळात समोर येते.

एका मेडिसिन युनिटमध्ये पावसाळ्यातल्या एका सकाळी अशाच यादीत लेप्टोस्पायरोसिस होता, वरून तिसरा. विद्यार्थ्याने त्याची लक्षणे न अडखळता सांगितली. सरांनी विचारले, “पोटऱ्या दाबून बघितल्या?” बघितल्या नव्हत्या. “हे काम काय करतात?” केसपेपरवर ‘शेती’ लिहिले होते; तेवढ्यावर भागले होते. मग रुग्णालाच विचारल्यावर कळले की गेल्या आठवड्यापर्यंत तो भाताच्या लावणीला गुडघाभर चिखलात उभा होता आणि पायाला कापलेलेही होते. पोटरीवर हात पडताच त्याने पाय आखडून घेतला. यादीतला तिसरा आजार पहिला झाला तो त्या क्षणी. डोळ्यांतली लाली तर सकाळपासून सगळ्यांसमोरच होती, पण डोळे पिवळे आहेत एवढेच टाइप झाले होते, म्हणून तेवढेच पाहिले गेले.

यंत्राला वैद्यकशास्त्र येते की नाही, हा वाद तसा लवकर मिटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटी कोणत्याही खास तयारीशिवाय अमेरिकेतील परवाना परीक्षेच्या उत्तीर्णतेच्या रेषेपाशी, म्हणजे साधारण ६० टक्क्यांच्या आसपास पोचले. त्याच धर्तीच्या प्रश्नसंचावर गूगलच्या मेड-पाम या प्रणालीने सुमारे ६७ टक्के आणि तिच्या पुढच्या आवृत्तीने ८६.५ टक्के गुण मिळवले. पेपरात पास होणारे यंत्र आले, हे मान्य करून शिक्षकांना पुढचा प्रश्न घ्यावा लागला: ज्याला उत्तर येते, त्याच्याकडून शिकता येते का?

हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन ही संगणकप्रणाली तयार केली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांत कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती ‘अमुक असेल तर तमुक’ अशा काहीशे नियमांवरून सांगत असे. १९७९ मध्ये मेंदूज्वराच्या दहा रुग्णांच्या नोंदींवर तिची परीक्षा झाली. मायसिनची, प्राध्यापकांची, निवासी डॉक्टरांची आणि एका विद्यार्थ्याची उत्तरे सरमिसळ करून आठ तज्ज्ञांपुढे ठेवली गेली. कोणते उत्तर कोणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मायसिनच्या शिफारशींना ६५ टक्के मान्यता मिळाली, आणि एकाही प्राध्यापकाला तेवढी मिळाली नाही.

अशा हुशार प्रणालीला शिक्षक करावे, असे वाटणे साहजिक होते. विल्यम क्लॅन्सी यांनी मायसिनच्या नियमांवर गायडन नावाचा शिकवणारा प्रोग्रॅम उभा केला, आणि तिथे गाडी अडली. मायसिनमध्ये एक नियम होता: रुग्ण आठ वर्षांहून लहान असेल तर टेट्रासायक्लिन देऊ नये. नियम अचूक आहे. पण ते का देऊ नये, हे त्यात कुठेच नव्हते. टेट्रासायक्लिन वाढत्या दातांत आणि हाडांत साठते, दात कायमचे डागाळतात, ही साखळी नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहिली होती. ती नसली तरी प्रणालीचे काही अडत नव्हते. विद्यार्थ्याचे मात्र अडत होते. कारण साखळी ठाऊक नसलेल्याला नियम कधी मोडायचा हे कळत नाही, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नियमही आठवत नाही. क्लॅन्सींना अखेर ज्ञानाची मांडणीच नव्याने करावी लागली.

आजच्या यंत्राची अडचण नेमकी उलटी आहे. त्याला ‘का’ विचारले की ते लगेच सांगते, आणि खोट्या गोष्टीचे कारणही तितक्याच सफाईने सांगते. याचा चटका पदव्युत्तर विद्यार्थ्यांना थीसिसच्या वेळी बसतो. एका रेसिडेंटच्या सिनॉप्सिसमधले संदर्भ तपासताना गाइडच्या लक्षात आले की त्यांतले तीन-चार लेख अस्तित्वातच नाहीत. जर्नलचे नाव खरे, वर्ष आणि खंड जुळणारे, लेखक त्या विषयात खरोखर काम करणारे. दिलेल्या पानांवर मात्र दुसराच लेख होता. रेसिडेंटने लबाडी केली नव्हती, त्याने विश्वास ठेवला होता. ओपीडी, इमर्जन्सी आणि वॉर्डाच्या रगाड्यात रात्री दोन वाजता सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला तो विश्वास फार सोयीचा असतो, हेही खरे. त्यानंतर त्या विभागात प्रत्येक संदर्भाचे पहिले पान छापून फाइलला लावायची पद्धत पडली. कागद वाढला, पण काही रेसिडेंटनी यानिमित्ताने लेख पहिल्यांदा उघडून वाचले.

वॉर्डात मोबाइलवर बंदी घालून पाहिली, तर विद्यार्थी स्वच्छतागृहात जाऊन मोबाइल बघून येऊ लागले. मग एका युनिटने क्रम उलटा केला. विद्यार्थी आधी हिस्ट्री घेतो, रुग्ण तपासतो आणि अर्ध्या कागदाच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने तीन निदाने क्रमाने लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ असते: ‘काय सापडले तर माझे पहिले निदान खोडावे लागेल?’ चिठ्ठीवर वेळ टाकून ती रेसिडेंटकडे दिली की मगच मोबाइल काढायचा. यंत्राची यादी आली की दोन्ही शेजारी ठेवून चर्चा होते. बारा विद्यार्थ्यांच्या बॅचला अर्धा तास जास्त लागतो, आणि वेळापत्रक पाहता ही किरकोळ गोष्ट नाही.

या पद्धतीतून हाती लागले ते असे. पहिले दोन-तीन आठवडे विद्यार्थी यंत्रापुढे हरतात आणि खट्टू होतात, कारण यादीच्या लांबीत त्याला कोणी गाठू शकत नाही. मग त्यांना चिठ्ठीची शेवटची ओळ कळायला लागते. धाप लागलेल्या बाईच्या चिठ्ठीवर एकीने पहिले निदान हार्ट फेल्युअर लिहिले आणि खाली लिहिले, ‘मानेची शीर फुगलेली नसेल तर खोडेन.’ खाट ४५ अंशांत वर करून तिने पुन्हा मान पाहिली, शीर दिसेना. यंत्राच्या यादीतही हार्ट फेल्युअर पहिल्याच क्रमांकावर होते, आणि ते तिथून हलायला तयार नव्हते, कारण मानेची शीर त्याला कोणी सांगितलीच नव्हती. तिने ती माहिती टाइप केली, यादी बदलली आणि रक्तक्षय वर आला. मग कोणीतरी रुग्णाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. ती कागदासारखी पांढरी होती. स्वतःची चूक शोधणे आणि यंत्राची चूक शोधणे, या दोन्ही गोष्टी त्या सकाळी एकाच मुलीने पंधरा मिनिटांत केल्या. नुसत्या यादीने हे घडले नसते. चिठ्ठी चुकीची असली तरी चालते. कोरी असली तर शिकवायला काही हातात राहत नाही.

यंत्राचे ज्ञान कुठल्या मातीतले आहे, हा दुसरा धडा. वैद्यकातले बहुतेक छापील इंग्रजी साहित्य पाश्चात्त्य देशांतले आहे आणि यंत्र मुख्यतः त्यावर पोसलेले आहे. विंचूदंशावर इंग्रजीत सरसकट प्रश्न विचारला तर उत्तरात अनेकदा ॲरिझोनातला बार्क विंचू डोकावतो. त्याच्या विषाने नसा बिथरतात, डोळे गरगर फिरतात. कोकणातला लाल विंचू वेगळा. तो चावला की दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसांत पाणी, असा क्रम असतो. या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. १९८० च्या दशकात त्यांचे हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आले. यंत्राला प्राझोसिन माहीत आहे. प्रश्नात ‘कोकण, भारत’ घातले की ते व्यवस्थित सांगते. पण तो शब्द घालायला हवा, हे सुचायला आधी विंचू ठाऊक असावा लागतो.

तापाचेही तेच. जुलैमधल्या मुंबईतल्या तापाला ठिकाण आणि महिना न सांगता विचारले, तर यादीत गोचिडांच्या चाव्याने होणारा अमेरिकेतला लाइम आजार डोके वर काढतो. इथे आधी मलेरिया, डेंगी, लेप्टो, विषमज्वर आणि स्क्रब टायफस यांची रांग लागते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, तेव्हापासून पाण्यातून चालत आलेल्या तापाच्या रुग्णाकडे इथला डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतो. ही नजर म्हणजे संख्याशास्त्रात ज्याला पूर्वसंभाव्यता म्हणतात तीच. फक्त ती पुस्तकाऐवजी गावात, ऋतूत आणि धंद्यात असते.

रुग्णाशी बोलण्याचा सराव हे यंत्राचे सर्वांत आशादायक काम ठरले, आणि तिथे गंमतही सर्वांत जास्त आली. कृत्रिम रुग्ण ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिसमध्ये रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेल्या व्यक्तीवर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली होती. असे नट तयार करणे खर्चिक. यंत्राला ‘तू ५५ वर्षांची शेतमजूर बाई आहेस, छातीत दुखतंय, विचारल्याशिवाय काही सांगू नकोस’ असे सांगितले की फुकटात रुग्ण तयार होतो. पहिल्या प्रयोगात ही बाई म्हणाली, ‘मला काल संध्याकाळी सातपासून छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी वेदना होत असून ती डाव्या हाताकडे पसरते.’ विद्यार्थी खूश. वॉर्डातली खरी आजी मात्र म्हणते, “कालपास्नं कसंतरीच होतंय बघ बाळा. गॅस चढलाय नुसता.” आणि मुठीने छाती चोळते. पुढचे प्रश्न विचारले की उत्तर सून देते, आणि ते सासूच्या उत्तराशी जुळत नाही.

तेव्हा यंत्राला नव्याने बजावण्यात आले: प्रश्नाला सरळ उत्तर देऊ नकोस, वेळ घड्याळात सांगू नकोस, ‘गुरं बांधून आले तेव्हा’ असे सांग, दारू-तंबाखूचे विचारले तर चिड. मिश्रीचा उल्लेख तर मुद्दाम घालावा लागला. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते, हे विद्यार्थ्यांना वॉर्डात कळायला वर्ष जाते. सुधारलेली आजी बरीच खरी निघाली. मुठीने छाती चोळणे तिला जमले नाही, आणि निदानाचा निम्मा भाग त्या मुठीतच असतो.

यात सर्वाधिक फायदा झाला तो परप्रांतीय विद्यार्थ्यांचा. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. केरळ, राजस्थान, बिहारमधली मुले मराठी वॉर्डात येऊन पडतात. त्यांना शब्दकोश पुरत नाही. ‘अंगावरून जातं’, ‘दिवस गेलेत’, ‘उन्हाळी लागली’, ‘अंगात कसर आहे’, ‘घशाशी येतं’ ही वाक्ये सुटी करून अर्थ लावला तर हाती काहीच लागत नाही. केरळच्या एका मुलाने ‘उन्हाळी लागली’चे यंत्राकडून भाषांतर करून घेतले आणि केसपेपरवर उष्माघाताची शंका नोंदवली, पण त्या रुग्ण बाईला लघवीला जळजळ होत होती. दुसऱ्यांदा त्याने पूर्ण संवाद दिला, तेव्हा यंत्राने अर्थ बरोबर लावला. पण खरा अर्थ त्याला सांगितला तो वॉर्डातल्या मावशींनी, आणि तोही हसत हसत, म्हणून तो त्याच्या लक्षात राहिला. वसतिगृहात रात्री एकट्याने चुकत चुकत मराठी बोलायला मात्र यंत्रासारखा सोबती नाही. ते कंटाळत नाही आणि हसतही नाही.

क्ष-किरणाच्या फिल्मवर परिस्थिती निराळी आहे, कारण तिथे यंत्र प्रत्यक्ष कामाला लागलेले आहे. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाची चाळणी करण्यासाठी १५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये संगणकीय वाचन वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. संशयित जागेवर रंगीत ठिपका आणि शेजारी एक आकडा, असे उत्तर येते. शिकवताना फिल्म आधी ठिपक्याविना लावतात. विद्यार्थी पेन्सिलने आपली जागा दाखवतो, मगच ठिपका उघडतात. एकदा ठिपका दिसला की नजर तिथून सुटत नाही आणि खाली मोडलेली बरगडी दिसेनाशी होते, हे बहुतेकांनी स्वतःवर अनुभवले आहे.

आकड्याचा अर्थ समजावताना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या (पीएसएम) वर्गातला जुना चौकोन कामाला येतो. समजा, यंत्राची संवेदनशीलता (आजारी ओळखणे) आणि विशिष्टता (निरोगी वगळणे) दोन्ही ९० टक्के आहेत. गावातल्या १००० जणांच्या चाळणीत खरा आजार १० जणांना असेल, तर यंत्र त्यातले ९ पकडेल, पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांवरही बोट ठेवेल. १०८ संशयितांत खरे ९, म्हणजे साधारण ८ टक्के. तेच यंत्र छातीच्या ओपीडीत लावले, जिथे १००० पैकी ३०० आजारी आहेत, तर २७० खरे आणि ७० खोटे सापडतात, म्हणजे जवळपास ७९ टक्के. बदल झाला तो फक्त दारातून आत येणाऱ्या माणसांत. हे गणित फळ्यावर स्वतः केलेला विद्यार्थी ‘यंत्र ९० टक्के अचूक आहे’ हे वाक्य ऐकून पुन्हा भुलत नाही.

सवय गेली की कसबही उतरते, ही शंका ज्येष्ठ शिक्षक पहिल्यापासून बोलून दाखवत होते. तिला पुष्टी देणारी नोंद २०२५ मध्ये पोलंडमधून आली. तिथल्या चार केंद्रांत कोलोनोस्कोपीसाठी यंत्राची मदत सुरू झाल्यानंतर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत मोठ्या आतड्यातील कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर उतरले. हे निरीक्षणात्मक काम आहे, त्यामुळे उतरणीचे सारे खापर यंत्रावर फोडता येत नाही. पण ते डॉक्टर अनुभवी होते. ज्यांचे कसब अजून तयारच झालेले नाही त्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत उतरण मोजणार तरी कशी?

प्रश्नपत्रिकेपुरते बोलायचे तर यंत्राने शिक्षकांचा वेळ वाचवला आहे. दहा मिनिटांत चाळीस बहुपर्यायी प्रश्न (एमसीक्यू) मिळतात. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांत सर्वांत लांब पर्यायच बरोबर असतो, ही खोड विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या आधी ओळखली.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र घाईत सुटणारा नाही. सुरुवातीला केसपेपरचा फोटो काढून तो तसाच ॲपमध्ये टाकण्याची पद्धत होती. त्यावर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि कधी एचआयव्हीचा अहवालही असे. रुग्णाच्या लेखी ती गोष्ट डॉक्टरला सांगितलेली होती. एचआयव्हीबाबत गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आयसीएमआरने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये दिली, आणि वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी झाला. वॉर्डातला नियम याहून साधा ठेवावा लागला: केसपेपरचा फोटो काढायचा नाही, जे टाइप करायचे त्यात नाव, गाव, नंबर, तारीख नको. रुग्णाच्या नातेवाइकाला ते वाचून दाखवता येईल का, एवढे स्वतःला विचारायचे. बहुतेकांचा अंगठा तिथेच थांबतो.

उरला लॉगबुकचा भाग. २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे वेगळे धडे आहेत आणि विद्यार्थ्याने लॉगबुकमध्ये अनुभवावर चिंतन लिहायचे असते. रुग्णाच्या मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी दिली जाते, हे एका बॅचने पाहिले. आठवड्याने आलेल्या बहुतांश वह्यांत नितळ इंग्रजीत एकच चिंतन होते: या अनुभवाने सहानुभूतीचे महत्त्व अधोरेखित केले, संवादकौशल्ये रुग्णकेंद्री असावीत, वगैरे. व्याकरणाची एक चूक नाही. सहानुभूतीवरचे हे लेखन ज्याच्याकडून आले त्याने त्या कॉरिडॉरमध्ये पाऊलही ठेवलेले नव्हते.

शिकवणाऱ्या मॅडमनी वह्या परत केल्या, गुण दिले नाहीत, रागावल्याही नाहीत. एकेकाला बोलावून त्यांनी मराठीत विचारले, “त्या दिवशी त्यांचा मुलगा कुठं उभा होता?” काहींना आठवेना. एकाने सांगितले की तो पाण्याच्या कूलरपाशी होता, बातमी ऐकून त्याने आधी हातातला ग्लास पूर्ण पिऊन टाकला आणि मग विचारले, “आता डबा घरी न्यायचा का?” तो सकाळी आईसाठी डबा घेऊन आला होता. मॅडमनी ते वाक्य तसेच वहीत लिहायला लावले आणि खाली सही केली. त्या टर्मपासून चिंतन वर्गात बसून, हाताने आणि येईल त्या भाषेत लिहिले जाते. पाच ओळी पुरतात.